सुनेचा महादेव

नांदेड,
श्रावण वद्य द्वितीया

प्रिय बसवंत,

पाकीट हातात पडल्यावर तू आधी ते उलटंसुलटं करून पाहशील, मग चष्मा शोधशील, तो तुझ्या कपाळावरच सापडेल, आणि मग म्हणशील, याला काय झालं, याचा फोन बंद पडला की काय? फोन ठणठणीत आहे. फोनवर माझंच काही खरं नसतं, एवढं गेल्या काही दिवसांत माझ्या लक्षात आलं. तिकडून तू ‘हां, बोल’ म्हणतोस आणि इकडून मी बोलून मोकळा होतो. कागद ‘हां’ही म्हणत नाही. त्याच्याशी खोटं बोलायचं तर आधी बसून रचावं लागतं, आणि मेहनतीचा मला किती उत्साह आहे हे गुरुकुलात पहाटे विहिरीवर आंघोळीला निघताना तू रोज पाहिलेलं आहेस. तू बादली घेऊन पुढे, मी पांघरूण घेऊन मागे.

इकडचं म्हणशील तर बरं चाललं आहे. कॉलेजात यंदाही संस्कृतला मुलं आली. सगळी मिळून एका रिक्षात मावतील आणि वर मला पुढे ड्रायव्हरशेजारी बसता येईल. त्यातल्या एकानं पहिल्याच तासाला विचारलं, सर, यात मार्क पडतेत ना? मी म्हणालो, यात दुसरं काही पडत नाही. आरतीचे गुडघे पावसाळ्यात बोलतात तसे बोलताहेत. ती म्हणते, भावजींना लिहा, उदगीरची डाळ संपत आली. लिहिलं. आता मुद्द्याला यायला हवं, पण मी येत नाही हे तू ओळखलंच असशील.

नागपंचमीच्या संध्याकाळी तुझा फोन आला. तू आधी पावसाची चौकशी केलीस, मग माझ्या शुगरची, आणि मग तुरीचा भाव विचारावा तितक्या सहज विचारलंस, यंदा शेवरगावचं कुणी आलं न्हाई का रे, अव्वा सकाळपासून ओट्यावर बसून राहिलीय. मी म्हणालो, आमच्या ओढ्याला पाणी आलंय. तू म्हणालास, हाव, पाऊस तर हिकडं बी हाय. मी म्हणालो, टेम्पोचंही काहीतरी बिघडलं म्हणे. मग तूच मला सोडवलंस. असंल, असंल, म्हणालास, माणसं काय मुद्दाम ऱ्हातेत व्हय. बसवंत, ओढ्याला घोटाभरही पाणी नव्हतं. टेम्पो आमच्या देवळासमोर उभा होता, त्याला झेंडूच्या माळा घातल्या होत्या, आणि मी त्याच्याच सावलीत उभा राहून तुझ्याशी बोलत होतो.

आता मी तुला आपल्या महादेवाची गोष्ट सांगणार आहे. हसू नकोस. ती तुला माझ्याहून चांगली येते, आईच्या, अव्वाच्या मांडीवर ऐकलेली आहेस. पण मला ती एकदा माझ्या हातानं, जशी आहे तशी, काही न सजवता लिहून पाहायची आहे. का, ते पुढे येईल.

शेवरगावचं देऊळ काळ्या दगडाचं, चुन्याचं बोटही न लावता दगडावर दगड बसवलेलं, म्हणून लोकांच्या भाषेत हेमाडपंती. माझ्या भाषेत बहुधा यादवांच्या काळातलं, आणि ‘बहुधा’ हा शब्द मी पगार घेऊन वापरतो. शिलालेख एकच होता. त्यावर बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या हळदकुंकू वाहून आणि पुरुषांनी विळे घासून त्याचा पार पाटा केला. तिथं इतिहास संपला आणि गोष्ट उरली. सभामंडप बांधताना एक खांब काही केल्या टिकेना. दिवसा उभा करावा, सकाळी येऊन पाहावं तर आडवा. तेव्हा गावच्या पाटलाच्या स्वप्नात महादेव आला. माझे वडील पक्के आर्यसमाजी, ते या ठिकाणी गोष्ट थांबवून म्हणायचे की पाटलाच्या मनात जे होतं तेच पाटलाच्या स्वप्नात आलं, महादेवाला कशाला मधे घेता. तर स्वप्नात असं आलं की घरातली नवी सून खांबाखाली द्यावी. ती बेलहाळची. तिचं नाव गोष्टीत नाही. आमच्याकडे ती सून, तुमच्याकडे ती लेक, म्हणून एकच देऊळ शेवरगावात सुनेचा महादेव आणि बेलहाळात लेकीचा महादेव. तिच्या हातात पूजेचं ताट दिलं, खाली उतरून दिवा लाव म्हणाले. ती उतरली. वरून शिळा सरकवली. आतून तिनं एवढंच विचारलं, की माझ्या आईला कोण सांगेल? वरून कुणीतरी म्हणालं, आम्ही सांगू.

त्यांनी सांगितलं नाही. बळीच्या गोष्टी आपल्याकडे कमी नाहीत. कुठे बारवेत सून, कुठे बुरुजात सून, सुनेशिवाय या मुलखात बांधकामच उभं राहत नसावं असं वाटतं. पण आमच्या गोष्टीत पुढची पंचमी येते, आणि भाऊ बहिणीला माहेरी न्यायला येतो. पहिल्या घरी त्याला सांगतात, ती शेताला गेली. दुसऱ्या घरी, पाण्याला गेली. तिसऱ्या घरी, अरे, आत्ता तर इथंच होती. कुणी दार लावून घेतलं नाही, सगळ्यांनी गूळपाणी दिलं. असा तो सबंध गाव फिरला. दिवस कलला तेव्हा दमून देवळात त्या खांबाला टेकून बसला, तर भर श्रावणात, सावलीतला दगड, पाठीला कोमट लागला.

तेव्हापासूनची चाल. दर पंचमीला शेवरगावच्या पुरुषांनी साडीचोळी आणि बांगड्या घेऊन बेलहाळला जायचं. आधी कळवायचं नाही, बोलावण्याची वाट पाहायची नाही. वेशीबाहेर चपला आणि टोप्या काढायच्या. त्या लेकीच्या माहेरच्या घरातली, म्हणजे तुमच्या घरातली, सगळ्यात वयस्कर बाई, विधवा असो की सवाष्ण, तिच्या ओट्यासमोर उघड्या डोक्यानं उभं राहायचं आणि म्हणायचं, तुमची लेक आमच्या हातून गेली, आणि आम्ही सांगायला आलो नाही. मग ती बाई तोंड सोडते. तिचं संपेपर्यंत हलायचं नाही, उलट बोलायचं नाही. संपलं की साडी तिच्या पायाशी ठेवायची आणि जेवायला बसायचं. पंचमीला तवा चढत नाही, म्हणून ज्वारीच्या कण्या आणि वरण, आणि दोन्हींत मीठ नाही. कारण मीठ खाऊ घातलं की वैर फिटतं, आणि ते फेडून घ्यायची बेलहाळची अजून तयारी नाही.

मी पहिल्यांदा वडिलांबरोबर आलो तेव्हा आपण गुरुकुलात शेजारी शेजारी झोपत होतो. मला काय ठाऊक, की उन्हात मी आणि ओट्यावर तू अशी आपली गाठ पडेल. तू अव्वाच्या पाठीमागे उभा राहून मला तोंडं करून दाखवत होतास. मला हसू आलं, आणि अव्वाला वाटलं मी तिच्या शिव्यांना हसलो, त्यामुळे पाटलाच्या वाट्याच्या काही शिव्या माझ्याकडे वळल्या. पुढे पंगतीत तुझी धाकटी बहीण वाढायला आली. दामिनीनं माझ्या पानात कण्या वाढल्या, पुढे गेली, आणि मी घास घेतला तर तळाशी मिठाचा खडा. ती पंगतीच्या टोकाला जाऊन अगदी कोरड्या चेहऱ्यानं दुसऱ्याला वाढत होती. शेकडो वर्षांचं वैर तिनं एका चिमटीत मोडलं आणि मी कुणाला सांगितलं नाही. आज तुला सांगतो आहे. पुढे दरवर्षी मी आलो ते बेलहाळशी आमचं वैर आहे म्हणून आलो, असं मी सगळ्यांना सांगत असे.

अव्वाच्या बोलण्याचं मला विद्वानासारखं कौतुक आहे. सुरुवात ठरलेली, पाटलाच्या सात पिढ्यांपासून. मधला भाग कानडीत, आणि त्याचा धड अर्थ तू मला कधीच सांगितला नाहीस. शेवटी चालू वर्षाचा समाचार. एकदा आमच्या साडीचा रंग गेला होता, तर आदल्या वर्षीची साडी आणून सगळ्या गावासमोर बादलीत बुडवून दाखवली. मागच्या वर्षी तिची नजर माझ्यावर गेली. म्हणाली, तम्मा, आमची लेक गाडून तुझं पोट बरं सुटलं की. सगळे खाली मान घालून उभे होते, त्यांचे नुसते खांदे हलत होते. पण बसवंत, तेच सगळे परत येताना टेम्पोत गप्प असत. ग्रामपंचायतीत एकमेकांच्या उरावर बसणारी माणसं, पण वाटेतलं लोहा गाव येईपर्यंत कुणी तंबाखूची पुडीसुद्धा काढत नसे.

आता फलकाचं सांगतो. देवळाला पर्यटनाचा निधी आला. सरपंच शिवशंकर माझा जुना विद्यार्थी, संस्कृतात नापास आणि बाकी सगळीकडे पास. पेढे घेऊन नांदेडला आला. देवळाचा इतिहास लिहायचा हाय सर, तुमच्याबिगर कोण लिहिणार? मी खूश. पुढे म्हणाला, फकस्त ते सुनेचं जरा बघा. बाहेरून माणसं येतील, लेकरं वाचतील, गाडलं-बिडलं बरं दिसत न्हाई. मी मास्तरी आवाजात म्हणालो, दंतकथा अशी बदलता येत नसते. तो म्हणाला, बदला कोण म्हणतंय? जरा वर उचला.

आणि मी उचलली. विद्यार्थ्यानं आधार न देता एक ओळ लिहिली तर लाल शाई करणारा मी, बसल्या बैठकीला अनुष्टुभ पाडत गेलो. सुनेची योगिनी झाली. खड्ड्याची गुहा झाली. वरून सरकवलेल्या शिळेचं आपोआप मिटलेलं द्वार झालं. देवाचं घर उभं राहत नाही हे पाहून ती स्वेच्छेने शिवतत्त्वात विलीन झाली, असं मी लिहिलं, आणि खाली मराठीत, लोकांना कळावं म्हणून, ‘आपल्या मनाने गेली.’ संस्कृतात ते फार गोड वाटत होतं. त्या भाषेत काहीही म्हटलं तरी कुणीतरी फार पूर्वीच म्हणून ठेवलं आहे असं वाटतं, ही सोय मला आयुष्यभर पुरली. ते वाचून तुला ओळखू आलंच असेल. चरण भरत नसला की मी ‘च’ आणि ‘वै’ कोंबतो, आणि आचार्यजी मला त्यावरून काय म्हणायचे हे तू अजून चारचौघांत सांगतोस. फलक ग्रॅनाइटचा केला. मला शाल दिली. खाली नाव घालू का विचारलं तर मी म्हणालो, नको, ‘समस्त ग्रामस्थ’ असं घाला. माझ्या नम्रतेचं गावात फार कौतुक झालं.

आषाढात देवळात बैठक बसली. बेलहाळला यंदा कोण कोण जाणार, टेम्पो कुणाचा, एवढंच ठरायचं होतं. एक जण उठला, बाहेर जाऊन फलक वाचून आला, आणि म्हणाला, ती तर आपल्या मनानं गेली म्हणून लिहिलंय की. मग आपुन शिव्या खायला का जायचं? फिजूल? त्यात टवाळी नव्हती, त्याला खरंच कळत नव्हतं. सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी चहा पीत होतो. कपातला चहा संपला होता तरी पीत होतो. शिवशंकर म्हणाला, सर, शास्त्र काय म्हणतंय? मी तेव्हा म्हणू शकत होतो की अरे, ते मी आरामखुर्चीत बसून रचलं आहे, पूर्वापार गोष्ट ती नाही. मी म्हणालो, संन्यस्ताला सुतक नसतं. शास्त्राप्रमाणे खरं आहे. त्या वाक्यात चूक काढता येणार नाही, आणि त्यावरच बैठक संपली.

मग पंचमीला तुमच्याकडे येण्याऐवजी गावात योगिनीची मिरवणूक निघाली. झेंडूच्या माळा त्या टेम्पोला त्यासाठी. माझी चुलती चतुराबाई दरवर्षी लोह्याला जाऊन साडी निवडते, किनार ओढून पाहते, दुकानदाराला बेजार करते. तिनं यंदाची साडी आधीच आणून ठेवली होती. गर्दीतून ती घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, दया, आता ही कुणाला नेऊ? मी म्हणालो, काकू, देवीला वाहा. ती माझ्याकडे, वर्गात ढ मुलाकडे पाहावं तशी पाहत राहिली. ती तर मेलेली हाय, म्हणाली. ही तिच्या आईला असती. तेवढ्यात तुझा फोन वाजला.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी तू पुन्हा फोन केलास. तुझ्या पोराच्या, श्रीशैलच्या मोबाइलवर कुणीतरी आमच्या फलकाचा फोटो पाठवला होता आणि त्यानं तो अव्वाला वाचून दाखवला होता. तू सांगितलंस, अव्वानं ‘आपल्या मनाने गेली’ ही ओळ पुन्हा वाचायला लावली, मग आणखी एकदा. आणि म्हणाली, लिहिणाऱ्याला विचार, त्यानं पाह्यलं का जाताना? मग तू मला विचारलंस, दया, तुमच्या गावात हे कोण लिहिलंय रे? मी म्हणालो, कमिटीनं. तू ‘बरं’ म्हणालास. त्या ‘बरं’वरून मला वाटतं, तू ‘च’ आणि ‘वै’ केव्हाच मोजले होतेस, आणि मी सांगतो का ते पाहत होतास. मी सांगितलं नाही. मी तुला पहिल्या घरातून दुसऱ्या घरी पाठवलं.

फोन ठेवला आणि मला मुरुडचं ते अंगण आठवलं. तुला मी त्याची आठवण करून द्यावी असं नाही. दामिनीला तिथं दिली होती, माणसं बरी वाटली होती, घरात दुकान, दारात विहीर. तिसऱ्या वर्षी त्याच विहिरीतून तिला वर काढली. तू, मी आणि अव्वा पोहोचलो तेव्हा तिचा थोरला दीर अंगणात खुर्ची टाकून बसला होता, आम्हाला पाहून उठला, पाणी मागवलं, आणि म्हणाला, आपल्या मनानं गेली, आम्ही काय करणार. अव्वा त्याच्या अगदी समोर गेली आणि तिनं विचारलं, तू पाह्यलं का जाताना? तो आपल्या चपलांकडे पाहत राहिला. दहाव्याला त्या घरातलं कुणी आलं नाही, पुढेही आलं नाही. आज इतकी वर्षं झाली, कुणी तुमच्या ओट्यासमोर येऊन एक शब्द बोललेलं नाही.

मी ते सगळं डोळ्यांनी पाहिलेला माणूस, बसवंत. आणि मी जाऊन तीच ओळ दगडात कोरायला दिली. लिहिताना मला मुरुड आठवलं नाही. आठवलं असतं आणि तरी लिहिलं असतं तर निदान मी दुष्ट आहे असं म्हणता आलं असतं. मला वृत्त सांभाळायचं होतं.

दुसऱ्या दिवशी शेवरगावला गेलो आणि शिवशंकरला म्हणालो, फलक काढा, ते सगळं मी रचलेलं आहे. त्याला धक्का बसेल असं मला वाटलं होतं. तो हसला. म्हणाला, सर, सगळंच कुणीतरी रचल्यालंच असतंय की, तुम्हीच वर्गात सांगायचे. हे मी खरोखर सांगायचो. मग, माझा चेहरा पाहून असेल, आवाज खाली आणून म्हणाला, खरं सांगू का, लोकांला हलकं वाटून राहिलंय. माझा बाप पंचमी जवळ आली की धड जेवायचा न्हाई. पोरांला विचारलं की, आपुन काय केलं होतं, तर काय सांगावं कळायचं न्हाई. आता कुणाला काय तकलीफ न्हाई. त्याच्यावर रागावता येईना. त्याचा बाप न जेवता काय घेऊन बेलहाळला येत होता, ते मला ठाऊक होतं आणि त्याला समजावून सांगायला माझ्याकडे शब्द नव्हते. माझे सगळे शब्द बाहेर उन्हात चमकत होते आणि एक नवं जोडपं त्यांच्यापुढे उभं राहून फोटो काढत होतं.

आता हे पत्र कशासाठी ते. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी मी बेलहाळला यायचं म्हणतो. चतुराबाईनं साडी माझ्याकडे दिली आहे. बरोबर कुणी नाही, गावानं मला पाठवलेलं नाही, आणि म्हणूनच आमच्या चालीत नसलेली गोष्ट करतो आहे, आधी विचारतो आहे. गावाच्या वतीनं आलेल्याला अव्वा उभं करून घेते, तो तिचा रिवाज आहे. एकट्या आलेल्याला, आणि तोही फलक लिहिणारा, तिनं उभं करून का घ्यावं, मला सांगता येत नाही. मी येण्याआधी तिला सांग की लिहिणारा दया आहे. मी समोर येऊन सांगितलं तर ती माझं वय, माझी शुगर, आपली दोस्ती पाहील आणि थोडं आत ठेवेल. ती नको म्हणाली तर तसं एका ओळीत कळव, मी वेशीपाशीही येणार नाही. हो म्हणाली तर तू मधे पडू नकोस, ‘जाऊ दे अव्वा’ म्हणू नकोस. आणि एक. दामिनी गेल्यापासून अव्वा दरवर्षी पाटलाच्या सात पिढ्यांपासून सुरुवात करते, आणि मधेच कुठेतरी त्या लेकीच्या जागी दामिनीचं नाव येतं. माझी दामिनी तुमचं काय खात होती रे, असं ती आम्हाला विचारते. आम्ही शेवरगावचे सगळे, ज्यांनी मुरुड पाहिलेलंही नाही तेसुद्धा, खाली पाहून काही ऐकलंच नाही असं दाखवतो. तू ओट्यावर पाठ करून उभा राहतोस. तिला ते कळतं की नाही मला माहीत नाही. परतताना टेम्पोत त्यावर आजवर कुणी अवाक्षर काढलेलं नाही, आणि उन्हात तेवढं जास्त उभं राहायला कुणी कधी कुरकुरलेलंही नाही. तिला विचारायला दुसरं कुणी दिलेलंच नव्हतं, आम्ही तेवढे होतो, आणि यंदा मी तेही बंद पाडलं. या वेळी तिनं ते नाव घेतलं तर मी मान वर करीन. आणि तिनं जे श्रीशैलजवळ विचारलं ते मला विचारलं, तर तिच्याकडे पाहून सांगेन, नाही अव्वा, मी पाहिलं नव्हतं, आणि तरी लिहिलं.

अजूनही म्हणवून घेऊ देशील तर, तुझाच,

दया